जस्त, ईजीएफआर आणि एकाच प्रयोगशाळेची दोन उत्तरं

नेट-पेट झाली, मुलाखत झाली, गाईड मिळाले की पहिलं काम येतं लिटरेचर रिव्ह्यूचं. आपण काय करतो? विषयाचे पन्नास पेपर उतरवून घेतो, प्रत्येकाचा अॅबस्ट्रॅक्ट वाचतो आणि प्रत्येकातून एकेक वाक्य उचलतो. मला विचाराल तर त्याआधी एक वेगळी गोष्ट करून बघा. एकाच प्रयोगशाळेचे चार-पाच पेपर तारखेच्या क्रमाने वाचा. सुटा पेपर नेहमी आत्मविश्वासाने बोलतो. ओळीने वाचलं की तो आत्मविश्वास कुठे टिकला आणि कुठे हलला, ते दिसायला लागतं.

आज त्यासाठी जेम्स सॅमेट यांच्या गटाचं काम घेतोय. सॅमेट अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे संशोधक. काम नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलचं. प्रश्न असा: हवेतल्या धुळीबरोबर जे धातू श्वासनलिकेत जातात, ते तिथल्या पेशींना नेमकं काय करतात? आणि त्यात एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरच्या रिसेप्टरचा, म्हणजे ईजीएफआरचा काय संबंध?

आधी थोडी पार्श्वभूमी. ईजीएफ हा पेशीबाहेरून येणारा निरोप. स्टॅन्ली कोहेन यांनी तो शोधला आणि १९८६ चं नोबेल त्यांना रीटा लेव्ही-मॉन्टाल्चिनी यांच्याबरोबर मिळालं. हा निरोप पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला चिकटला की रिसेप्टरच्या आतल्या बाजूच्या टायरोसिनवर फॉस्फेट बसतात. मग रास, मेक, ईआरके अशी साखळी पेटत जाते. फॉस्फेट बसवणारं एन्झाइम कायनेज, काढणारं फॉस्फटेज. एवढं लक्षात असलं तरी पुढचं सगळं कळेल.

सुरुवात जळलेल्या तेलाच्या राखेपासून झाली. वीजकेंद्रात जड तेल जाळलं की जी राख उडते, तिच्यात व्हॅनेडियम, निकेल, लोखंड भरपूर असतं. १९९७ च्या पेपरमध्ये सॅमेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही राख श्वासनलिकेच्या पेशींवर टाकली की टायरोसिनवरच्या फॉस्फेटचं प्रमाण वाढतं, आणि हा परिणाम राखेतल्या व्हॅनेडियममुळे होतो. तुमच्यापैकी ज्यांनी वेस्टर्न ब्लॉट केलाय त्यांना इथे हसू येईल. लायसिस बफरमध्ये आपण सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट घालतो तो कशासाठी? फॉस्फटेज बंद पडावं म्हणून. म्हणजे आपण मुद्दाम बाटलीतून घालतो ते रसायन धुराड्यातून फुकट मिळत होतं.

१९९८ च्या पेपरमध्ये सात धातू एका रांगेत तपासले: आर्सेनिक, क्रोमियम, तांबं, लोखंड, निकेल, व्हॅनेडियम आणि जस्त. पेशी बीईएएस प्रकारच्या, म्हणजे माणसाच्या श्वासनलिकेतून काढून प्रयोगशाळेत कायम वाढत राहतील अशा केलेल्या. धातूंचं प्रमाण पेशी मरणार नाहीत एवढंच ठेवलेलं. आर्सेनिक, व्हॅनेडियम आणि जस्त यांनी ईआरके, जेएनके आणि पी३८ ही तिन्ही मॅप कायनेज झपाट्याने पेटवली. क्रोमियम आणि तांब्याने थोडीफार. लोखंड आणि निकेलने काहीच नाही. आणि ज्या तीन धातूंनी कायनेज पेटवली, त्यांनीच पुढे आयएल-८ हे दाहाचं प्रथिनही वाढवलं.

या निकालाचं कोष्टक करून भिंतीवर लावा, आणि शेजारी दुसरं कोष्टक लावा: यातले कोणते धातू माणसात कर्करोग करतात? आर्सेनिक आयएआरसीच्या पहिल्या गटात आहे. निकेलची संयुगं पहिल्या गटात. सहा संयुजेचं क्रोमियमही पहिल्या गटात. आणि जस्त? ते तर शरीराला लागणारं पोषकद्रव्य. आता दोन्ही कोष्टकं ताडून बघा. जस्त पेटवतं, निकेल पेटवत नाही! "धातू ग्रोथ फॅक्टरचा रिसेप्टर चालू करतो, म्हणून पेशींची वाढ बेबंद होते, म्हणून कर्करोग" हे वाक्य सेमिनारमध्ये फार सहज येतं. नावातच ग्रोथ आहे ना! पण याच गटाची आकडेवारी त्या वाक्याच्या बाजूने उभी राहत नाही. वीस मिनिटांत फॉस्फेट बसणं आणि वीस वर्षांत गाठ होणं यांच्यामध्ये बरंच काही असतं. सॅमेट गटाने तसा दावा केलेलाही नाही. ते दाहाबद्दल बोलतात. दावा फुगवतो तो आपण, रिव्ह्यू लिहिताना.

१९९९ मध्ये वू आणि सहकारी (सॅमेट शेवटचे लेखक) एक पायरी वर गेले. ईआरके पेटतं, पण कुणामुळे? त्यांनी दाखवलं की आर्सेनिक, तांबं, व्हॅनेडियम, जस्त या चौघांनी ईजीएफआरवरच फॉस्फेट बसतात. ईजीएफआरचं कायनेज बंद करणारं पीडी-१५३०३५ हे औषध आधी दिलं तर खालचं मेक पेटणं लक्षणीय कमी होतं. रासचं निकामी रूप पेशीत घातलं तरी मेक अडतं. साखळी जुळली म्हणायची.

फक्त एक कडी जुळली नाही. पाठ्यपुस्तकात रास आणि मेक यांच्यामध्ये राफ असतं. त्यांनी राफ-१ मोजलं तर त्याची क्रियाशीलता मुळात कमी होती आणि धातूंनी ती वाढलीही नाही. हा अडचणीचा निकाल त्यांनी पुरवणीत ढकलला नाही, अॅबस्ट्रॅक्टमध्ये लिहिला. मला हे आवडलं. तुमच्या थीसिसमध्येही एखादी कडी अशीच जुळणार नाही, तेव्हा हा पेपर उघडून बघा.

आता खरा मुद्दा. ईजीएफआरवर फॉस्फेट वाढले, एवढ्यावरून धातूने ईजीएफआर "चालू केला" असं म्हणता येतं का?

मोरीत पाणी साचलंय. नळ कुणी सोडून ठेवला म्हणून साचलं, की भोकाला बोळा बसला म्हणून? नुसत्या पाण्याकडे बघून सांगता येत नाही. नळ थोडा गळत असतोच. एरवी ते पाणी वाहून जातं म्हणून दिसत नाही. बोळा बसला की तेवढ्या गळतीनेही मोरी भरते. ईजीएफआरचं कायनेज हा नळ, फॉस्फटेज हे भोक. आणि कायनेज बंद करणाऱ्या औषधाचा प्रयोग काय सांगतो? नळ घट्ट पिळला तर पाणी साचत नाही. पण बोळ्यामुळे पाणी साचत असेल तरीही नळ पिळल्यावर ते थांबणारच की! म्हणजे १९९९ चा तो सुंदर दिसणारा इनहिबिटरचा निकाल दोन्ही स्पष्टीकरणांना सारखाच चालतो. आपण हा प्रयोग "सिद्ध झालं" या खात्यात टाकतो, आणि तो त्या खात्यातला नाही. कायनेज लागतं एवढंच त्यातून कळतं. धातूने कुठे हात घातला, ते कळत नाही.

आणि १९९७ पासून फॉस्फटेजचा धागा या गटाच्या हातात होताच. १९९९ च्याच दुसऱ्या पेपरमध्ये व्हॅनेडियम आणि जस्त यांनी टायरोसिन फॉस्फटेजची क्रिया ठळकपणे दबते असं त्यांनी दाखवलं होतं. तरी पुढचा टप्पा वेगळ्या दिशेने गेला. २००२ च्या पेपरमध्ये जस्तामुळे रास पेटण्यासाठी सार्क हे कायनेज लागतं, ते ईजीएफआरच्या ८४५ क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट बसवतं आणि ते बसल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, असा निष्कर्ष आला. म्हणजे नळच. फक्त तो सोडणारा हात सार्कचा.

इथे पेशी कोणत्या होत्या ते बघा. सार्कवर अवलंबून असलेलं हे चित्र मिळालं बी८२ आणि ए४३१ पेशींत. बी८२एल ही उंदराची पेशी, तिला स्वतःचा ईजीएफआर नसतो. माणसाचा ईजीएफआर हवा तसा घालून बघता येतो, म्हणून ती सोयीची. ए४३१ ही त्वचेसारख्या पेशींच्या कर्करोगातून आलेली, आणि तिच्या पृष्ठभागावर ईजीएफआरची अक्षरशः जत्रा भरलेली असते. रिसेप्टरचा अभ्यास करायला दोन्ही उत्तम. पण मूळ प्रश्न श्वासनलिकेचा होता, आणि या दोघींपैकी एकीनेही आयुष्यात कधी श्वास घेतलेला नाही.

म्हणून मला २००६ चा पेपर या मालिकेतला सगळ्यात चांगला वाटतो. टाल आणि सहकाऱ्यांनी (सॅमेट पुन्हा शेवटी) तोच प्रश्न माणसाच्या श्वासनलिकेच्या प्रायमरी पेशींत विचारला. ५०० मायक्रोमोलर झिंक सल्फेट, ५ ते २० मिनिटं. ईजीएफआरवर फॉस्फेट वाढले, त्यासाठी बाहेरून लिगंड चिकटायची गरज लागली नाही, आणि पीडी-१५३०३५ दिल्यावर ते गेले. इथवर ओळखीचं. मग सार्क अडवणारं पीपी२ दिलं. काही फरक नाही! आणि जस्ताने सार्कची क्रिया वाढलीही नाही, उलट कमी झाली. चार वर्षांपूर्वी जे कायनेज "आवश्यक" होतं, ते इथे झोपलेलं.

मग त्यांनी भोक तपासलं. जस्त दिलेल्या पेशींचा लायसेट घेतला, त्यात बाहेरून फॉस्फेट बसलेला ईजीएफआर टाकला आणि फॉस्फेट किती वेगाने उतरतात ते मोजलं. वेग लक्षणीय मंदावला होता. व्हॅनेडियमचंही तेच. नंतर पेशीच्या स्वतःच्या ईजीएफआरचंही मोजलं. तिथेही फॉस्फेट उतरणं अडलेलं. म्हणजे बोळा. कायनेज आपल्या नेहमीच्या मंद गतीने चालू आहे, काढणारं एन्झाइम थकलंय, म्हणून फॉस्फेट साचतात. आणि शेवटी त्यांनी सरळ लिहिलं की जस्त ईजीएफआर कसा पेटवतं ते पेशीच्या प्रकारानुसार ठळकपणे बदलतं.

यातला पहिला फॉस्फटेजचा प्रयोग वाचताना मेथड्समधला बफर जरूर बघायचा. फॉस्फटेज मोजायच्या नेहमीच्या बफरमध्ये डीटीटी आणि ईडीटीए घालायची पद्धत आहे, आणि दोन्ही जस्ताला पकडतात. म्हणजे ज्या बोळ्याचा शोध घ्यायचा तोच बफरने उपसून काढायचा, असा प्रकार होऊ शकतो. जस्तावर काम करणाऱ्या कुणाचाही पेपर असो, "फॉस्फटेजवर परिणाम दिसला नाही" असं लिहिलेलं असेल तर आधी बफर वाचा, मग विश्वास ठेवा. पेशीच्या स्वतःच्या ईजीएफआरवर केलेला दुसरा प्रयोग म्हणूनच महत्त्वाचा.

आता टीका. ५०० मायक्रोमोलर हा आकडा बघून कुणीही परीक्षक भुवया उंचावेल. रक्तातल्या प्लाझ्मामध्ये जस्त साधारण १० ते १८ मायक्रोमोलर असतं, तेही बहुतेक प्रथिनांना बांधलेलं. मग हे तीस-पन्नास पट जास्त प्रमाण कुठून आणलं? जर्नल क्लबमध्ये एवढं बोलून खाली बसायचं असेल तर बसा, टाळ्या मिळतील. पण कागद-पेन्सिल घेऊन जरा पुढे जाऊ.

श्वासनलिकेच्या पेशींवर द्रवाचा पातळ थर असतो, धरू ७ मायक्रॉनचा. एका चौरस सेंटिमीटरवर तो होतो ०.७ मायक्रोलिटर. त्यात ५०० मायक्रोमोलर जस्त व्हायला किती जस्त लागेल? सुमारे २३ नॅनोग्रॅम. फारच कमी! म्हणजे धुळीचे कण एका जागी पडले आणि त्यांतलं जस्त विरघळलं तर तेवढ्या टिकलीपुरतं ५०० मायक्रोमोलर होणं अगदी अशक्य नाही. आता तीच संहती प्लेटमध्ये. धरू १२ वेलची प्लेट, एका वेलचं क्षेत्रफळ ३.८ चौरस सेंटिमीटर, द्रावण १ मिलिलिटर. एका वेलमध्ये जस्त जातं ३२.७ मायक्रोग्रॅम, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ८.६ मायक्रोग्रॅम. संहती तीच, पण पेशींच्या वाट्याला येणारं एकूण जस्त जवळपास पावणेचारशे पट. पातळ थरातलं जस्त पेशींनी थोडं आत ओढलं की संपतं. प्लेटमधला साठा मात्र आटता आटत नाही.

दुसऱ्या बाजूनेही बघू. हवेत जस्त घनमीटरला १ मायक्रोग्रॅम आहे आणि माणूस दिवसाला १५ घनमीटर हवा घेतो असं धरलं, तर दिवसभरात नाकातोंडातून १५ मायक्रोग्रॅम आत जातं. ते सगळं आत राहतही नाही. आपल्या त्या एका वेलमध्ये दोन दिवसांहून जास्त श्वासाचं जस्त आहे, बटणाएवढ्या जागेत, एका झटक्यात. (वरचे प्लेटचे आणि हवेचे आकडे माझ्या गृहीतकाचे आहेत, पेपरातले नाहीत. तुम्ही तुमचे घालून करून बघा.)

म्हणून माझी तक्रार "डोस जास्त आहे" अशी सरसकट नाही. तक्रार अशी की मायक्रोमोलर हे एकक इथे अपुरं आहे. पेशीमागे किती, किती वेळ, आणि मोकळं किती, हे तीन आकडे हवेत. तिसरा तर सगळ्यात निसरडा. माध्यमातला फॉस्फेट, अल्ब्युमिन, अमिनो आम्लं जस्ताला धरून ठेवतात. बाहेर ५०० घातलं म्हणजे मोकळं ५०० आहे असं नाही, आणि पेशीच्या आत किती गेलं ते तर वेगळंच. आतलं प्रमाण का महत्त्वाचं? २००३ मध्ये हासे आणि मारेट यांनी दाखवलं की पेशीतल्या जस्ताचे छोटे चढउतारही टायरोसिन फॉस्फटेजवर आणि इन्सुलिनच्या निरोपावर परिणाम करतात. २०१२ मध्ये मारेट यांच्याच गटाने एका रिसेप्टर फॉस्फटेजला मोकळ्या जस्ताचं पिकोमोलर प्रमाणही दाबतं असं मांडलं. कुठे ५०० मायक्रोमोलर आणि कुठे पिकोमोलर! हे वाचल्यावर सॅमेट गटाचा बोळ्याचा सिद्धांत मला अधिक पटतो, पण त्याचबरोबर एक शंकाही येते. जस्ताने फॉस्फटेज दबणं हा विषारीपणा आहे, की पेशीच्या रोजच्या कारभाराचाच भाग असलेलं बटण इथे फार जोरात दाबलं गेलंय? या पेपरांमधून त्याचं उत्तर मिळत नाही.

मग माणसात याचा पुरावा काय? कामाच्या जागी जस्ताचा मारा खरोखर मोठा असू शकतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडावर वेल्डिंग करताना, पितळ ओतताना झिंक ऑक्साइडचा धूर निघतो. अमेरिकेतली आठ तासांची कायदेशीर मर्यादाच घनमीटरला ५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे वर धरलेल्या शहरी हवेच्या काही हजार पट. तो धूर घेतलेल्या माणसाला काही तासांनी थंडी वाजून ताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. मेटल फ्यूम फीव्हर म्हणतात ते हेच. दाहाची गोष्ट इथे प्रत्यक्ष दिसते, आणि या पेपरांचा डोस अशा कामगाराच्या जास्त जवळचा आहे.

साध्या हवेसाठी प्रसिद्ध उदाहरण युटा खोऱ्याचं. तिथला पोलाद कारखाना ऑगस्ट १९८६ ते सप्टेंबर १९८७ बंद होता. पोप यांनी १९९१ मध्ये मांडलं की कारखाना चालू असताना शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांच्या ब्राँकायटिस आणि दम्याच्या भरती साधारण दुप्पट होत्या. २००१ मध्ये घिओ आणि डेव्हलिन यांनी त्या काळातले हवेचे जपून ठेवलेले फिल्टर काढले, पाण्यात अर्क केले आणि निरोगी स्वयंसेवकांच्या फुप्फुसात थोडे सोडले. कारखाना चालू असतानाच्या अर्काने दाह जास्त, बंद असतानाच्या अर्काने कमी. घिओ हे सॅमेट यांचे जवळचे सहकारी, त्यामुळे या दोन कामांची जोडी लावायचा मोह होतो. जरूर लावा, पण किती लागते ते बघून. अर्कात धातू होते आणि दाह झाला, एवढं पक्कं. तो ईजीएफआरमार्फत झाला, हे त्या प्रयोगाने तपासलेलंच नाही.

तर तुम्ही या विषयावर काही लिहिणार असाल, किंवा पुण्याच्या एनसीसीएसमधून पेशी मागवून असाच प्रयोग उभा करणार असाल, तर "जस्त सार्कमार्फत ईजीएफआर पेटवतं" हे वाक्य २००२ चा संदर्भ देऊन एकटं लिहू नका. २००६ सोबत असू द्या, आणि पेशीचं नाव वाक्यातच घाला. हा शब्दच्छल नाही. तुमच्या प्रपोझलमध्ये सार्कचा इनहिबिटर हा मुख्य प्रयोग असेल आणि तुमच्या पेशी श्वासनलिकेच्या प्रायमरी असतील, तर पहिलं वर्ष कोऱ्या निकालात जायची शक्यता २००६ च्या अॅबस्ट्रॅक्टमध्येच छापलेली आहे.

आणि कुणाला खरंच विषय हवा असेल तर एक जागा मोकळी दिसते. २००६ चा पेपर सांगतो की ईजीएफआरवरचे फॉस्फेट काढणारी फॉस्फटेज दबली. ती नेमकी कोणती? टायरोसिन फॉस्फटेज माणसात शंभरच्या आसपास आहेत, आणि ईजीएफआरवर हात चालवणारी त्यांत एकापेक्षा जास्त. सगळ्यांच्या सक्रिय जागी तेच सिस्टीन, म्हणून जस्त सगळ्यांना सारखंच धरेल असं वाटतं, पण तसं असेलच असं नाही. एकेक फॉस्फटेज बाजूला काढून, पेशीतलं मोकळं जस्त मोजत, कमी प्रमाणापासून चढत जाऊन बघायला हवं. काम किचकट आहे, आणि बफरमध्ये ईडीटीए चालणार नाही.